वाचक विचारतात : सकाळी बोटीचं इंजिन का उठत नाही?

प्रश्न : आमच्या तरुण मंडळाकडं पुरासाठी घेतलेली बोट आहे. ३० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागं बाहेरून लावायचं इंजिन), दोन सिलेंडर, दोन कार्ब्युरेटर. गेल्या पावसाळ्यानंतर शेडमध्ये ठेवली, ती आता जूनमध्ये काढली. सकाळी तीस-चाळीस वेळा दोरी ओढली तरी उठत नाही. एकदा चालू झालं की फुल्ल पळतं आणि दुपारी गरम असताना एका ओढीत येतं. प्लग नवीन घातले. कंप्रेशन गेलं असेल का?
– एक वाचक, आंबेवाडी (ता. करवीर)

उत्तर : कंप्रेशन गेलेलं इंजिन असं फुल्ल पळत नाही. तुमचा संशय कार्ब्युरेटरच्या आयडल जेटवर, म्हणजे इंजिन मंद असताना पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकावर हवा. थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून सुरुवातीला मिश्रण घट्ट, म्हणजे जास्त पेट्रोलचं लागतं. त्यासाठी चोक हवा अडवतो आणि पेट्रोलची ओढ वाढवतो. पण थ्रॉटल जवळपास बंद असताना पेट्रोल मुख्यतः आयडलच्या बारीक भोकांतूनच येतं. ती बुजली असतील तर चोक ओढूनही फारसं काही येत नाही. फुल्लला मेन जेट काम करतो, म्हणून पळताना दोष कळत नाही.

खोलण्याआधी खात्री करा. टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू सैल करा. हातपंपाचा फुगा बाणाचं टोक वर येईल असा उभा धरून कडक होईपर्यंत दाबा. किल-स्विचची (इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) क्लिप जागेवर आहे ना तेही बघा. घाईत हीच राहते. मग चोक पूर्ण, थ्रॉटल ‘स्टार्ट’वर आणि पाच-सहा ओढी. लगेच प्लग काढा. कोरडे असतील तर पेट्रोल पोचत नाही. आता प्लगच्या प्रत्येक भोकात अर्धा चहाचा चमचा मिक्स (ऑइल मिसळलेलं) पेट्रोल टाका, सांडलेलं पुसा, प्लग लावून ओढा. इंजिन दोन सेकंद खोकून विझलं, तर स्पार्क आणि कंप्रेशन ठीक, दोष कार्ब्युरेटरचाच.

कार्ब्युरेटरच्या तळाला पेट्रोल साठवणारी वाटी असते, तिचा ड्रेन स्क्रू काढून पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. तळाला पाण्याचा वेगळा थर किंवा पिवळा चिकट गाळ दिसेल. फुगा कडक होतो पण वाटी रिकामी, तर वाटीत पेट्रोल सोडणारी फ्लोटची नीडल चिकटली आहे. वाटीवर पेचकसाच्या मुठीनं हलके टिचकवून बघा. मग वाटी उतरवा. आयडल मिश्रणाचा स्क्रू आधी हलकेच आत टेकेपर्यंत फिरवा, किती फेरे झाले ते लिहून ठेवा, मगच बाहेर काढा. नाहीतर परत बसवताना अंदाजाचा खेळ होतो. क्लीनर स्प्रे नळीनं त्या वाटेत मारा; थ्रॉटलच्या फडकीजवळच्या छोट्या भोकांतून धार आली पाहिजे. जेटमध्ये शिवणाची सुई घालू नका, वायरीतली तांब्याची एकच बारीक तार चालेल. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांत काय वाटेल ते करून मिळतं, म्हणून जेटचं भोकही मोठं करून आणू नका. दोन्ही कार्ब्युरेटर एकाच वेळी साफ करा, एकच केलं तर इंजिन एका सिलेंडरवर लंगडतं.

चाचणी घेताना पिंपात पाणी प्रोपेलरच्या वरच्या आडव्या पत्तीच्या वर हवं. कोरडं चालवलं तर पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर (पंखा) काही सेकंदांतच खराब होऊ लागतो.

प्रश्न : चोक लावून ओढत राहिलो की पेट्रोलचा वास येतो, प्लग ओले निघतात. मग किती ओढलं तरी उपयोग नाही. – एक वाचक, शिरोळ

उत्तर : फ्लड झालंय, म्हणजे इंजिनात पेट्रोल जास्त भरलंय. इंजिन एकदा ‘फुट्’ केलं की चोक लगेच अर्धा आत घ्यायचा. तिथंच चूक होते. आता चोक पूर्ण आत ढकला, फुगा दाबू नका. प्लग काढून कॅपसह इंजिनच्या धातूला टेकवा, पण प्लगच्या भोकांपासून लांब, कारण तिथून पेट्रोलची वाफ उडते. आठ-दहा ओढी द्या. कोरडे प्लग लावा, चोकशिवाय ओढा. बऱ्याच टू-स्ट्रोक आउटबोर्डना प्लगची गॅप ०.९ ते १ मिमी असते. नेमकी पुस्तिकेत बघा.

प्रश्न : पेट्रोल मिक्स करून पुढच्या पुरापर्यंत ठेवावं का? – एक वाचक, प्रयाग चिखली

उत्तर : नाही. पंपावरचं पेट्रोल आता बहुतेक ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉलचं. ते दमट हवेतलं पाणी ओढतं. पाणी फार झालं की इथेनॉल-पाण्याचा थर तळाला बसतो, आणि टाकीतली नळी तळातूनच ओढते. ऑइल मात्र वरच्या पेट्रोलमध्ये राहतं, म्हणजे इंजिनला ऑइलच मिळत नाही. ५०:१ (पन्नास भाग पेट्रोल, एक भाग ऑइल) साठी लिटरला २० मिली, २४ लिटरच्या टाकीला ४८० मिली टू-स्ट्रोक ऑइल लागतं. लागेल तेवढंच आणा, महिन्याभरात संपवा. शिल्लक राहिलंच तर टाकी पूर्ण रिकामी करा आणि शेडमध्ये ठेवण्याआधी दोन्ही वाट्यांचे ड्रेन स्क्रू उघडून शेवटचा थेंबही काढा.