जुन्या पद्मिनीच्या मडगार्डचा पोचा घरच्या घरी काढता येतो का?

आपल्या 1994 च्या प्रीमियर पद्मिनीचा डावा पुढचा मडगार्ड गेटच्या खांबाला लागून वीतभर आत गेला आहे, गॅरेजवाला ‘ठोकत बसत नाही, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरून देतो’ असे म्हणतो, आणि हा पत्रा घरी सरळ करता येईल का, असे आपण विचारले आहे. येतो, मात्र हातोडी उचलण्यापूर्वी पोच्याचे नीट निरीक्षण करण्यात निदान अर्धा तास घालवावा लागतो.

अशा पोच्यात आत गेलेला सगळाच पत्रा वाकलेला नसतो. बराचसा भाग केवळ आत ढकललेला असतो आणि पोच्याच्या कडेने उमटलेली एक उंच, कडक घडी त्याला तेथे अडकवून ठेवते. जाड तार वाकवून पुन्हा सरळ करण्याचा प्रयत्न केला, तर ती पहिल्या बाकावर सरळ होत नाही, त्याच्या शेजारी नवा बाक घेते, कारण एकदा वाकलेला धातू त्या जागी अधिक कठीण झालेला असतो. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यावर मठारकाम करताना याच गुणाचा उपयोग केला जातो. ठोके पडतील तसे भांडे कणखर होत जाते. आपल्याला मात्र हाच गुण आड येतो. म्हणून जी घडी सर्वांत शेवटी पडली ती सर्वांत आधी सोडवायची, म्हणजे बाहेरच्या कडेकडून आत यायचे, आणि खोल मध्याला अगदी शेवटी हात लावायचा.

मी नेमके याच्या उलट केले होते. वडिलांच्या पद्मिनीच्या मागच्या दरवाजाला पडलेला पोचा मी आतून, बरोबर मध्यावर हातोडीने ठोकून बाहेर काढला. तो बाहेर आला खरा, पण पत्रा ताणला गेल्यामुळे तो भाग तेलाच्या डब्याच्या तळासारखा अंगठ्याने दाबला की ‘टॉक’ करून आत जाई आणि सोडला की पुन्हा बाहेर येई. ते निस्तरायला अखेर एका जुन्या डेंटरकडेच जावे लागले. त्यांनी गॅसच्या ज्योतीने नाण्याएवढा ठिपका लाल केला, भोवतीने हलके ठोकले आणि ओल्या फडक्याने थंड करून पत्रा आखडवला. हे काम घरी करू नये. मडगार्डच्या आत डांबरी थर आणि वायरिंग असते व दोन्ही सहज पेट घेतात.

आता प्रत्यक्ष कृती. गाडी सपाट जागी उभी करून उरलेल्या चाकांना लाकडी ठोकळे लावावेत, जॅकने उचलून भक्कम घोडीवर (जॅक-स्टँडवर) टेकवावी आणि पुढचे डावे चाक काढावे. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली हात घालू नये. आतला चिखल व डांबरी थर खरवडून काढावा, कारण त्याच्या गादीमुळे डॉली, म्हणजे आतून धरायचा लोखंडी ठोकळा, पत्र्याला भिडतच नाही. खरवडताना स्क्रूड्रायव्हर पत्र्यात रुतला तर तो गंजाने खाल्लेला आहे. मग ठोकून उपयोग नाही, तेवढा भाग कापून नवा पत्रा वेल्ड करावा लागेल. त्याचप्रमाणे मडगार्ड आणि दरवाजा यांच्यामधली फट खाली-वर असमान झाली असेल, तर मार आतल्या सांगाड्यापर्यंत पोहोचला आहे असे समजून गाडी गॅरेजलाच न्यावी.

डॉली किलोभर वजनाची, गोलसर कडांची आणि गुळगुळीत असते. हातोडीचे तोंडही तितकेच गुळगुळीत हवे, नाहीतर तिच्यावरचा प्रत्येक ओरखडा पत्र्यावर उमटतो. डॉली आतून खोलगट भागावर दाबून धरावी आणि हातोडी बाहेरून शेजारच्या उंच घडीवर, मनगटातून, हलकी टाकत जावी. घडी खाली बसते आणि डॉलीच्या दाबाने खोलगा वर येतो. डॉली बरोबर ठोक्याखाली आली की आवाज बोथट न राहता ‘ठण्ण’ असा खणखणीत येतो. हा आवाज ओळखायला शिकावे, कारण त्या ठोक्याने पत्रा दोन लोखंडांमध्ये चेपून पसरतो. शेवटची बारीक सपाटी साधण्यापुरताच तो वापरावा. माझे बिघडले ते असे ताणल्यामुळेच, म्हणून दहा-बारा ठोक्यांनंतर थांबून पातळ सुती मोज्यातून तळहात लांबट फिरवून पाहावे. डोळ्याला न दिसणारा उंचसखलपणा हाताला लगेच कळतो.

मडगार्डचा बाक सारखा लागू लागला की थांबावे. उरलेल्या एक-दोन मिलिमीटरसाठी लांबी वापरण्यात कमीपणा नाही. माझा आक्षेप बोटभर जाडीच्या लांबीला आहे, जी काही वर्षांत तडकून पडते. रंग घासताना मास्क लावावा, जुन्या रंगात शिसे असू शकते. उघडा पत्रा त्याच दिवशी प्रायमरने झाकावा. पावसाळ्यात एका रात्रीत त्यावर तांबूस गंज धरतो. लांबीवरही प्रायमर हवाच, कारण ती ओल शोषते आणि खालचा पत्रा आतल्या आत कुजतो.