घरकुलाचा हप्ता 'पाठवलाय' म्हणतात अन् खात्यावर काहीच नाही – आमचं काय झालं ते सांगतो

दादा, तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. माळवद पाडलं, जोत्यापर्यंत काम आणलं, फोटो काढून नेले, आता ऑफिस म्हणतंय दुसरा हप्ता पाठवला, बँक म्हणते आलाच नाही, अन् घरची सगळी ताडपत्रीखाली. सेम आमचंच, परभणीकडचं, वडिलांच्या नावावरचं प्रधानमंत्री आवास ग्रामीणचं घरकुल.

ड यादी (घरकुलासाठी पात्र लोकांची), नमुना आठ (ग्रामपंचायतीचा घराचा उतारा), जागेचं काही सांगत बसत नाही, पहिला हप्ता पडला म्हणजे ते झालेलंच आहे.

तालुक्यातून एफटीओ, म्हणजे खात्यात पैसे टाकायचा आदेश, निघाला की ऑफिसच्या हिशोबी विषय संपला. पुढं तो रिजेक्ट झाला का, कामून झाला, हे कुणी आपणहून बघत नाही. वडिलांचं खातं जुन्या हैदराबाद बँकेत होतं, ती 1 एप्रिल 2017 ला स्टेट बँकेत गेली, नंतर आयएफएससी (शाखेचे कोड) बदलले, सिस्टीममध्ये मात्र जुनाच कोड. एवढंच कारण! नवीन पासबुकची झेरॉक्स जोडून अर्ज दिला, वाटलं झालं काम. तर कधी साईट बंद, कधी ऑपरेटर रजेवर, कधी साहेब मीटिंगला, अन् दरवेळी तेच, "पैसे गेलेत काका, बँकेत बघा". बँकेतला माणूस पासबुक भरून द्यायचा, त्यात निस्तं चार-दोन रुपये व्याज. शेवटी बाजूच्या सेवा केंद्रातल्या पोरानं एमएच पासून सुरू होणारा नोंदणी नंबर टाकून स्क्रीनवर रिजेक्टची ओळ दाखवली. आमचा अर्ज कुठं होता म्हणाल तर ऑफिसातल्या त्याच टेबलाच्या खणात, आवक नंबर न टाकता. तोवर अख्खा पावसाळा निघून गेला होता, जोत्यात पाणी साचून एका बाजूची माती खचली ती वेगळीच. ऑफिसचं नाव घेत नाही, घेऊन उपयोग पण नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे, तोंडी विचारणं बंद करा. अर्ज दोन प्रतीत न्या, आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख अन् आवक नंबर घेतल्याशिवाय तिथून हलू नका. ऑफिसवाले नाहीच हलले तर 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकार टाका, मागायचं एकच, माझ्या एफटीओचा नंबर, तारीख अन् आजची स्थिती. तक्रारी ऐकायचा जिल्ह्याचा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो पण आधी तालुक्याला अर्ज केल्याचा पुरावा मागतात, तिथं पण ती पोचच कामाला येते. एजंट "दोन हजारात करून देतो" म्हणतात, ते पण जाऊन तोच अर्ज देतात.

अजून एक, खातं केवायसी न केलेलं छोटं खातं असेल तर त्यात एरवी 50 हजाराच्या वर शिल्लक चालत नाही, सरकारी अनुदानाला ती मर्यादा लागू नाही, तरी घोळ नको. आधी केवायसी करून घ्या.

मी काय ऑफिसातला माणूस नाही, नियम बदलत राहतात, तुमचं कारण वेगळं पण असू शकतं. अन् हे सगळं ग्रामीणचं आहे, नगरपालिका हद्दीतल्या अडीच लाखाच्या आवासचं काम वेगळ्या लॉगिनवरून चालतं, त्यातलं मला विचारू नका.

हां, घरकुलाच्या 1 लाख 20 हजाराशिवाय रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी पण मिळते, मस्टर (हजेरीपट) निघालं का रोजगार सेवकाला विचारा, आमच्याकडं ते कुणी सांगितलंच नव्हतं. आता घरकुलाला 5 ब्रास वाळू बिना रॉयल्टीची आहे, ट्रॅक्टरचं भाडं मात्र आपल्यालाच पडतं. नदीकाठच्या गावात राहून वाळू विकत घ्यायची वेळ येते राव, तो विषय काढला तर रात्र पुरणार नाही.

एफटीओसमोर काय कारण दिसतंय त्याचा फोटो इथं टाका, नाव अन् खाते नंबर झाकून. बघून सांगतो.