न्यूझीलंडमध्ये हरणाचं मांस मिळतं. मटणासारखा रस्सा केला तर चालेल का?

चालेल, पण तुकडा कुठला आहे ते आधी बघा. खांदा किंवा नळीचं मांस असेल तर रस्साच करा. वरचा पांढरा, चकचकीत पापुद्रा धारदार सुरीने सोलून काढा. तो शिजून मऊ होत नाही, आकसून तुकडा वाकडा करतो. अर्धा किलोला तीन-चार चमचे तेल घ्या, कारण या मांसाला अंगची चरबी जवळपास नसते. वाटण मटणाचंच, मीठही तेवढंच. कुकरमध्ये पहिल्या शिट्टीनंतर मंद आचेवर ३५-४० मिनिटं.

कण्यालगतचा लांबट तुकडा मात्र रश्श्यात घालू नका, वाया जाईल. तो अख्खाच तापलेल्या लोखंडी तव्यावर सगळ्या बाजूंनी परता, आत ६३ अंश सेल्सियस झालं की उतरवा आणि पाच मिनिटं झाकून ठेवून मग कापा. ७० च्या पुढे गेला की कोरडा पडतो, यकृतासारखी चव येते.

कच्च्या पपईत रात्रभर मुरवायचा मोह टाळा, वरून लगदा होतो आणि आत फरक पडत नाही. खिमा मात्र ७१ अंशांपर्यंत शिजवाच.

भारतात हा प्रयोग नको: १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार हरणाची शिकार हा गुन्हा आहे.