बाहाच्या टीममध्ये नवा आलायस ना? मग आधी एवढं कर

बाहा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पोरांनी स्वतः बनवलेल्या ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा. तिच्या टीममध्ये निवड झाली, अभिनंदन! पण लगेच लॅपटॉप उघडून सस्पेन्शन डिझाइन करायला बसू नकोस. ते पुढच्या वर्षी.

आधी रूलबुक वाच, अख्खं. ही स्पर्धा १९७६ साली अमेरिकेत, साउथ कॅरोलायना विद्यापीठात सुरू झाली. आपल्याकडे २००७ पासून, मध्य प्रदेशातल्या पीथमपूरला. तेव्हापासून पोरांनी घातलेले बरेचसे घोळ आता नियम होऊन बसलेत. मग टीमच्या जुन्या फाइली काढ. बक्षीस मिळालं त्या वर्षाची नंतर, गाडी बंद पडली त्या वर्षाची आधी.

नवे इथे हमखास आपटतात:

- ब्रेक: चारही चाकं लॉक झाली नाहीत तर ट्रॅकवर सोडतच नाहीत. आमच्या पहिल्या गाडीच्या लाइनमध्ये हवा राहिली होती. पेडल दाबलं की स्पंजासारखं आत. रात्री दोनला तोंडात टॉर्च धरून ब्लीडिंग केलं, म्हणजे ती हवा बाहेर काढली.
- वजन: इंजिन सगळ्यांना सारखंच, जेमतेम १० हॉर्सपॉवरचं. 'असू दे, मजबूत होईल' म्हणत जाड पत्रा लावू नका.
- नट: साधे नकोत, नायलॉकच (आत नायलॉनची रिंग असते, हादऱ्यांनी सैल होत नाहीत). चार तासांच्या एन्ड्युरन्स रेसमध्ये साधा नट कधी गळून पडतो, कळतही नाही.
- ड्रॉइंग: टॉलरन्स (माप किती कमी-जास्त चालेल ते) न लिहिता रबाळ्याच्या टर्नरकडे, म्हणजे लेथवाल्याकडे, गेलास तर चहा पाजून परत पाठवेल.

शनिवारी वर्कशॉपला ये. जुनी जीन्स घाल, ट्रॅकपॅन्टला ठिणग्यांनी भोकं पडतात.