वाचलेलं कळतं, मग ऐकलेलं का नाही?

प्रश्न : माझी भाची जर्मनीत पीएचडी करते. तिच्या लॅबमधली चिनी मुलगी अवघड अवघड रिसर्च पेपर सहज वाचते, पण मीटिंगमध्ये कोणी भरभर इंग्लिश बोललं की तिला काहीच कळत नाही म्हणे. यांची इंग्लिशची परीक्षा होते तरी कशी? – एक वाचक, सांगली

उत्तर : काका, होते की, आणि चांगली कडक होते, पण चीनमध्ये मास्टर्ससाठी जी देशभरची एन्ट्रन्स असते तिच्या लेखी इंग्लिश पेपरात लिसनिंग नाहीच. अभ्यासक्रम साधारण ५५०० शब्दांचा, त्यामुळे पोरं शब्दांची पुस्तकं घोकत बसतात आणि एबीसीप्रमाणे सुरुवातीलाच येतो ‘अबॅन्डन’, म्हणजे सोडून देणे, त्यावर तिकडे जोक्सच जोक्स. त्याआधी कॉलेजात सीईटी-४ असते (म्हणजे कॉलेज इंग्लिश टेस्ट, आपली सीईटी नव्हे हां!), १९८७ पासूनची, ७१० मार्कांची, त्यात ३५ टक्के लिसनिंग, बऱ्याच ठिकाणी पोरं रेडिओचे हेडफोन लावून पेपर देतात. पण ते रेकॉर्डिंग स्वच्छ, स्टुडिओतलं. लॅबमधला माणूस ‘कम्फर्टेबल’चं ‘कम्फ्टबल’ करून पुढे निघून पण जातो, मग डोळ्यांना पाठ असलेला शब्द कानाला परकाच वाटणार ना. भाचीला म्हणावं, त्या मुलीच्याच रिसर्च पेपरातले वीस शब्द आधी नुसते बोलून अर्थ विचार, मग तेच लिहून दाखव. ऐकून बारा आणि वाचून वीस आले तर शब्द पाठ करणं बंद, कानांना कामाला लावायचं.