कॉन्झर्व्हेटरीचा फुटका पॅनेल: साताऱ्याहून निघण्याआधी

ताई,

तुमचा प्रश्न आधी नीट मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही कळेल. तुम्ही नर्सच्या नोकरीवर साताऱ्याहून इंग्लंडला निघालात, मिस्टर आणि मुलगा सोबत आहेत. व्हिडिओवर पसंत केलेल्या भाड्याच्या घरामागे कॉन्झर्व्हेटरी, म्हणजे काचेच्या किंवा प्लास्टिकच्या छताची घराला जोडलेली खोली, आहे आणि तिच्या छताचा एक पॅनेल फुटलाय. मालक म्हणतो, तुम्हीच दुरुस्त करा, भाड्यातून वळते करू. मिस्टरांचं एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, त्यामुळे त्यांना हे काम किरकोळ वाटतंय. मी साताऱ्यातल्या गोडोलीचा, इथे इंग्लंडमध्ये बरीच वर्षं झाली, आणि आमच्या अशाच छताचा पॅनेल मी बदललेला आहे.

घर चांगलं असेल तर घ्या. पण हे काम तोंडी बोलण्यावर अंगावर घेऊ नका. इंग्लंडमध्ये भाड्याच्या घराचा सांगाडा आणि बाहेरची बाजू दुरुस्त ठेवणं मालकाचं काम असतं. 1985 च्या घरमालक-भाडेकरू कायद्याचं कलम 11 तेच सांगतं. तरीही मिस्टरांना करायचंच असेल, तर मालकाकडून ईमेल घ्या: काय बदलायचं, सामानाचे पैसे कोण देणार, भाड्यातून किती कापणार. घराचा ताबा घेताना जी इन्व्हेंटरी (घरातल्या वस्तू आणि त्यांच्या अवस्थेची यादी) करतात तिच्यात फुटक्या पॅनेलचा उल्लेख आणि फोटो हवाच. नाहीतर घर सोडताना तोच पॅनेल तुमच्या डिपॉझिटमधून वजा होऊ शकतो. डिपॉझिट साधारण पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, आणि मालकाने ते 30 दिवसांत सरकारमान्य योजनेत नोंदवायचं असतं. ती पावती मागून घ्या.

आता छताकडे. पॅनेल कशामुळे फुटला ते पहिल्यांदा विचारा. इथे कॉन्झर्व्हेटरी घराच्या भिंतीला टेकून असते, त्यामुळे वरच्या मुख्य छताचं कौल सुटून खाली आलं की पॅनेल फुटतो. तसं झालं असेल तर वरचं छत आधी बघायला हवं, नाहीतर नवा पॅनेलही जाईल. दुसरी शक्यता अशी की पॅनेल फुटलेलाच नाही, खाली घसरलाय. वळचणीकडचा अडसर ढिला झाला की पॅनेल हळूहळू सरकतो आणि आढ्याकडे फट पडते. अशा वेळी नवा पॅनेल लागतच नाही, तो जागेवर सरकवून खालचा अडसर पक्का केला की झालं.

छत काचेचं आहे की पॉलीकार्बोनेटचं (मजबूत प्लास्टिकचं), हेही बघा. काच असेल तर ती सहसा दुहेरी आणि टफन्ड (तापवून कडक केलेली) असते. टफन्ड काच कापता येत नाही, माप देऊन नवी बनवून घ्यावी लागते आणि ती जड असते. ते काम काचवाल्यालाच करू द्या.

पॉलीकार्बोनेट असेल तर मिस्टरांच्या हातचं काम आहे. साताऱ्यात पार्किंगच्या शेडवर घालतात त्याच जातीचा पत्रा, फक्त जाड आणि आत पोकळ नळ्यांचे थर असलेला. जाडी 16, 25 किंवा 35 मिलिमीटर अशी असते आणि बाजूच्या अॅल्युमिनियमच्या पट्ट्या त्याच जाडीसाठी बनवलेल्या असतात. म्हणून कडेला मोजून तीच जाडी मागवायची.

आपल्याकडे पत्रा गळला की वर चढायचं, भोकाला एम-सील नाहीतर डांबर लावायचं, जमेल तिथे फट बंद करायची. पावसाळ्याआधी आपण सगळे तेच करत आलो. इथे ही सवय पूर्ण सोडावी लागते, आणि हे पत्र लिहिण्याचं खरं कारण तेच आहे. पॉलीकार्बोनेटच्या नळ्यांत दमट हवा शिरतेच, आत पाणी धरतं, आणि ते खाली निथळून बाहेर पडायला वाट लागते. म्हणून नळ्या नेहमी उताराच्या दिशेने ठेवायच्या. आढ्याकडची कड अॅल्युमिनियमच्या टेपने पूर्ण बंद करायची, पण वळचणीकडे बारीक छिद्रांची टेप लावायची. ती बाजू सिलिकॉनने बुजवली की आत शेवाळ धरतं आणि पॅनेल हिरवा-काळा पडतो.

सिलिकॉनही कुठलंही चालत नाही. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पॉलीकार्बोनेटला बारीक तडे पाडतं. डबीवर न्यूट्रल क्युअर लिहिलेलं घ्या. डांबर आणि थिनर लांबच ठेवा. पत्र्याच्या एका बाजूला ऊन सोसणारा थर असतो, संरक्षक फिल्मवर तसं छापलेलं असतं. ती बाजू आकाशाकडेच हवी. उलटा बसवलेला पत्रा काही वर्षांत पिवळा पडून ठिसूळ होतो. फिल्म काढण्याआधीच पेनने खूण करून ठेवा.

माप घेताना घट्ट बसवायचा मोह टाळा. उन्हात हा पत्रा फुगतो, म्हणून दर मीटरला साधारण 3 मिलिमीटर मोकळं सोडायचं. बारीक दातांच्या पात्याने कापा आणि टेप लावण्याआधी नळ्यांतला भुसा हवेने उडवून टाका. बाजूच्या पट्टीवरची प्लास्टिकची टोपी काढताना लाकडी ठोकळा आणि रबरी हातोडा वापरा, थंडीत जुनं प्लास्टिक चटकन तुटतं.

आणि वर चढायचं नाही. गुडघा टेकवायचा नाही, फळी टाकूनसुद्धा नाही. मिस्टरांनी आयुष्यभर शेडवर चालून काम केलंय हे मला माहीत आहे, म्हणूनच दोनदा लिहितोय: त्या छतावर चढू नका. बाहेरून भाड्याने आणलेला परांचीचा छोटा मनोरा लावा, आतून शिडी, आणि दोघे जण हवेत. महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, लंडनला जेमतेम 600. पण तो बारा महिने विखुरलेला असल्यामुळे इथे कोरडा हंगाम असा मिळत नाही. अंदाज बघून लागोपाठ दोन कोरडे दिवस धरा. तोवर पॅनेल पुसून वाळवा आणि वरून रुंद, पारदर्शक, पाण्यात टिकणारी टेप लावा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगतो. मुलाची खोली म्हणून कॉन्झर्व्हेटरी धरू नका. हिवाळ्यात ती गारठते, उन्हाळ्यात तापते, पाऊस पडला की आवाज होतो. घरात किती खोल्या आहेत हे मोजताना ती वगळा आणि मगच भाडं परवडतंय का बघा.

मालकाकडून तीन फोटो मागवा: फुटका पॅनेल खालून, त्याची कड मोजपट्टी लावून, आणि वरच्या मुख्य छताची वळचण. ते पाठवलेत की कुठली जाडी मागवायची आणि मालकाला ईमेलमध्ये काय लिहायचं, ते दोन्ही कळवतो.