रेल्वेचं भाडं स्वस्त, पण डबा लागायला हवा

भाऊ, रावेरहून दिल्लीला केळी पाठवायला रेल्वे स्वस्त पडत असताना सगळे ट्रकच का धरतात, असं तुम्ही विचारलंय. वाचलं आणि बारा वर्षांपूर्वीचा तो फलाट डोळ्यांसमोर आला.

नोंदणी, इंडेंट म्हणजे डब्याची लेखी मागणी, हे तुम्हाला माहीत असेलच. माझी चूक वेगळी होती. 23 टनांचा पार्सल डबा मागितला होता. खिडकीवर "उद्या लागतो" म्हणाले आणि त्या तोंडी शब्दावर मी पहाटे मजूर लावून बाग कापली. डबा लागला तिसऱ्या दिवशी! तोवर घडांवर केळीची पानं टाकून पाणी शिंपडत बसलो. दुसऱ्या दुपारी फणी उचलली की केळी सुटून हातात यायला लागली. ऑफिसात विचारलं तर "वरून आलं नाही". वर म्हणजे कुठून, ते कुणी सांगेना. शेवटी व्हार्फेज, म्हणजे माल ठेवून स्टेशनची जागा अडवल्याचा आकार, तोही माझ्याच माथी मारला. ती पावती आजही फायलीत आहे.

स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशातला 80 टक्क्यांहून जास्त माल रेल्वेने जायचा. आता तो वाटा 30 टक्क्यांच्या आसपास आहे आणि 2030 पर्यंत 45 टक्क्यांवर नेण्याचं सरकारी उद्दिष्ट आहे. प्रवासी भाडं कमी ठेवायचं म्हणून मालभाडं चढं ठेवलं, हे एक कारण आहेच. पण माझ्या मते आपल्यासारख्यांचा माल गेला तो वेळेमुळे. रेल्वेला कोळसा सोसतो, तो चार दिवस पडून राहिला तरी सडत नाही. ट्रक थेट बांधावर येतो, रात्री फोन केला तर सकाळी उभा असतो. 2020 मध्ये किसान रेल आली, फळं आणि भाज्यांना भाड्यात 50 टक्के सवलतही मिळाली. मला तेव्हा सवलतीपेक्षा ठरलेल्या वेळेला सुटणारी गाडी जास्त मोलाची वाटली.

कोकण रेल्वे 1999 पासून भरलेला ट्रकच गाडीवर चढवते, त्यात चढउतार वाचते. आपल्याकडे मात्र शेत ते स्टेशन आणि स्टेशन ते मंडी अशी हमाली दोनदा पडते, ती भाड्यात धरूनच तुलना करा. दिल्लीत आदर्श नगर स्टेशनला उतरवलंत तर आझादपूरची फळ-भाजी मंडी जवळ पडते, दुसरीकडे उतरवलंत तर पुन्हा टेम्पो.

माझा अनुभव जुना आहे, आजचे दर स्टेशनवर स्वतः विचारा. पण डबा प्रत्यक्ष लागल्याचं कळेपर्यंत बागेत विळा लावू नका, कुणी कितीही खात्री दिली तरी. आणि कापणीला किती दिवस आहेत ते इथे लिहा, म्हणजे नेमकं सांगता येईल.